मेमरी कार्ड कंट्रोलरच्या ड्रायव्हरचा इंटरफेस : रेघ कुठे मारायची?

अर्धाबाइट

एका छोट्या कर्नलमध्ये एसडी कार्ड आणि ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली तशीच मेमरी) चालवायचं आहे. कंट्रोलर दोन आहेत : एक एसडीएचसीआय प्रमाणातला (एसडी कंट्रोलरच्या रजिस्टरांचं सामाईक प्रमाण), दुसरा एका चिपमधला, स्वतःचीच रजिस्टरं असलेला. पुढेमागे एसपीआयवरून (साध्या सिरियल तारांवरून) कार्ड चालवायची सोयही लागेल. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने काय काय भरून द्यायचं याचा पहिला मसुदा :

कार्ड_सुरू()
ब्लॉक_वाच(पत्ता, बफर, किती)
ब्लॉक_लिही(पत्ता, बफर, किती)
कार्ड_आहे_का()
रुंदी_ठेव(१, ४ किंवा ८)
वेग_ठेव(हर्ट्झ)

सहाच फंक्शन्स, म्हणून दिसायला सुटसुटीत. पण कोणतं काम ड्रायव्हरचं आणि कोणतं वरच्या सामाईक थराचं, ही रेघ बरोबर पडली आहे का? फोडून काढा.

डेटाशीटवाली

पहिली तीन फंक्शन्स ड्रायव्हरकडून काढूनच घ्या. कार्ड सुरू करण्याचा क्रम बघा. वीज स्थिर झाली की १ मिलिसेकंद थांबायचं, १०० ते ४०० किलोहर्ट्झवर निदान ७४ क्लॉक द्यायचे. मग सीएमडी ०, म्हणजे कार्डाला द्यायची शून्य नंबरची कमांड. मग सीएमडी ८, आर्ग्युमेंट हेक्स १एए. मग सीएमडी ५५ आणि ४१ ची जोडी (५५ च्या मागून आलेली कमांड खास धरली जाते, तिला एसीएमडी म्हणतात), कार्डाच्या उत्तरात ३१ वा बिट लागेपर्यंत, फार तर १ सेकंद. पुढे २ ने ओळख, ३ ने पत्ता, ९ ने सीएसडी (कार्डाची क्षमता वगैरे सांगणारं रजिस्टर), ७ ने निवड, एसीएमडी ५१ ने एससीआर (कार्डाला काय काय जमतं ते सांगणारं रजिस्टर), एसीएमडी ६ ने चार लाइनी, सीएमडी ६ ने हाय स्पीड.

यातली एकही पायरी कंट्रोलर बदलला म्हणून बदलत नाही. ही सगळी यादी ड्रायव्हरमध्ये गेली तर दोन ड्रायव्हर म्हणजे दोन नकला. एखादं अडेलतट्टू कार्ड आलं की एका नकलेत दुरुस्ती होते, दुसरीत राहून जाते.

ब्लॉक_वाच चं तेच. २ जीबीपर्यंतच्या जुन्या कार्डांना पत्ता बाइटमध्ये द्यायचा, एसडीएचसी आणि पुढच्यांना ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये. हे कंट्रोलरला कशाला कळायला हवं?

ड्रायव्हरकडे दोनच मोठी कामं ठेवा : दिलेली कमांड तारेवर घालून उत्तर आणणं, आणि तारांची स्थिती सांगितली तशी ठेवणं. लिनक्समध्ये यांची नावं रिक्वेस्ट आणि सेट-आयओएस, झेफिर या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये रिक्वेस्ट आणि सेट-आयओ. बाकीची फंक्शन्स त्याभोवतीची किरकोळ.

खटपट्या

सहमत, पण मग एक पायरी आणखी खाली उतरून नुसतं कमांड_पाठव() का नको? एक कमांड, एक उत्तर, असला तर डेटा. थांबवायचा सीएमडी १२ वरचा थर वेगळा पाठवील. ओपनबीएसडीच्या एसडीएमएमसी थरात एक्झेक-कमांड नावाचं असंच एकेका कमांडचं फंक्शन आहे आणि ते नीट चालतं.

रजिस्टरबुवा

चालतं, नाही असं नाही. पण हार्डवेअरला जे एका दमात करता येतं ते तुम्ही तोडून मागता. एसडीएचसीआयमध्ये ऑटो सीएमडी १२ आणि ऑटो सीएमडी २३ आहेत : ट्रान्स्फर मोड रजिस्टरमध्ये बिट लावला की शेवटचा ब्लॉक गेल्यावर थांबवायची कमांड, किंवा सुरुवातीलाच ब्लॉकसंख्या सांगायची कमांड, कंट्रोलर स्वतः पाठवतो. एक इंटरप्ट वाचतो आणि मधला मोकळा वेळही जातो. इंटरफेसला फक्त सुटी कमांड माहीत असेल, तर मागून सीएमडी १२ येणार आहे हे ड्रायव्हरला कळणार कसं?

म्हणून विनंती हे एकक घ्या. तिच्यात चार कप्पे : आधीची ब्लॉकसंख्या-कमांड (असली तर), मुख्य कमांड, डेटा (असला तर), थांबा-कमांड (असली तर). ज्या कंट्रोलरला ऑटो जमतं तो तसं करील, ज्याला नाही तो एकेक करून पाठवील. वरच्या थराला फरक दिसता कामा नये.

एक बारीक गोष्ट. ऑटो सीएमडी १२ चं उत्तर नेहमीच्या जागी येत नाही, रिस्पॉन्स रजिस्टरांच्या सर्वांत वरच्या ३२ बिटांत येतं, आणि तिच्या चुका वेगळ्या रजिस्टरात. ड्रायव्हरने ते उचलून थांबा-कमांडच्या कप्प्यात ठेवायचं. हे विसरलं तर लिहिताना कार्डाने दिलेली चूक कुणाच्याच नजरेस पडत नाही.

अर्धाबाइट

पटलं. मग कमांडच्या रचनेत नंबर, आर्ग्युमेंट आणि उत्तराचा प्रकार : आर१, आर१बी, आर२, आर३, आर६, आर७. बरोबर?

डेटाशीटवाली

नावं नकोत, गुणधर्म द्या. उत्तर आहे का. ते १३६ बिटांचं आहे का. सीआरसी (चूक पकडायचा तपासणी-आकडा) तपासायचा का. कमांडचा नंबर परत येतो तो जुळवायचा का. मागून डेटा-शून्य लाइनवर बिझी येतो का. पाच बिट झाले. कंट्रोलरला हेच पाच प्रश्न पडतात. आर१, आर६ आणि आर७ तारेवर सारखेच दिसतात, त्यांतला फरक फक्त वरच्या थराला कळायला हवा. आर३ मध्ये सीआरसी नाही आणि नंबराच्या जागी सगळे १ येतात, म्हणून दोन्ही तपासण्या बंद. आर२ मध्ये सीआरसी आहे, नंबर नाही.

आणि नंबरावरून प्रकार ओळखायचा मोह तर अजिबात नको. एसडीमध्ये सीएमडी ८ म्हणजे व्होल्टेजची विचारपूस, डेटा नाही. ईएमएमसीमध्ये तोच सीएमडी ८ म्हणजे ५१२ बाइटचं एक्सटेंडेड सीएसडी. ड्रायव्हरमध्ये 'जर नंबर ८ असेल तर' असं दिसलं की समजायचं, रेघ ओलांडली गेली.

रजिस्टरबुवा

१३६ बिटांच्या उत्तराची मांडणी इंटरफेसच्या टिपणात शब्दांत लिहून ठेवा. एसडीएचसीआय शेवटचा सीआरसीचा बाइट गाळतो आणि उरलेलं ८ बिट खाली सरकवून रजिस्टरात ठेवतो. काही कंट्रोलर सीआरसीसकट पूर्ण देतात. वरच्या थराला एकच मांडणी मिळायला हवी, सरकवायचं काम ड्रायव्हरचं.

न सरकवल्यास काय होतं? सीएसडीचे सर्वांत वरचे दोन बिट म्हणजे त्याची आवृत्ती. सगळं ८ बिट खाली असेल तर तिथे शून्य वाचलं जातं, म्हणजे 'जुनं कार्ड'. मग एसडीएचसी कार्डाची क्षमता जुन्या सूत्राने काढली जाते आणि भलताच आकडा येतो. सीआरसी बरोबर, चूक कुठेच नोंदलेली नाही, आणि ३२ जीबीचं कार्ड भलत्याच मापाचं दिसतं. शोधणारा फाइल सिस्टिमवर संशय घेत बसतो.

खटपट्या

चूक आल्यावर पुन्हा प्रयत्न कोणी करायचा? निदान सीआरसीची चूक आली तर ड्रायव्हरने दोनतीनदा तीच कमांड पाठवून बघायला काय हरकत आहे? वरपर्यंत जाऊन यायचा हेलपाटा वाचतो.

डेटाशीटवाली

मोठी हरकत आहे. एसीएमडी ६ घ्या, चार लाइनींसाठी, आर्ग्युमेंट २. आधी सीएमडी ५५ गेला, कार्ड 'पुढची कमांड खास' म्हणून बसलं. मग ६ गेला, कार्डाने मानला, पण उत्तर येताना सीआरसी बिघडला. ड्रायव्हरने आपणहून ६ पुन्हा पाठवला. आता सीएमडी ५५ चा असर संपलेला आहे, म्हणून हा साधा सीएमडी ६ : फंक्शन-बदलाची चौकशी. कार्ड डेटा स्थितीत जातं आणि ६४ बाइटचा स्टेटस-ब्लॉक पाठवू लागतं. होस्ट (कंट्रोलरची बाजू) डेटाची वाटच बघत नाहीये. पुढच्या दोनतीन कमांड विचित्र चुका देतात आणि मूळ कारण लॉगमध्ये नसतंच.

जोडी पुन्हा पाठवायची असते आणि जोडी फक्त वरच्या थराला माहीत. ड्रायव्हरने पोस्टमनसारखं वागावं : पत्र पोचलं की नाही एवढं सांगावं, उत्तर स्वतः लिहू नये.

रजिस्टरबुवा

याच्याच पोटात चुकांचे प्रकार येतात. 'आयओ एरर' या एका डब्यात सगळं कोंबू नका. निदान एवढे वेगळे हवेत :

कमांडला उत्तर नाही (६४ क्लॉकांत काहीच आलं नाही)
कमांडच्या उत्तराचा सीआरसी, शेवटचा बिट किंवा नंबर चुकला
डेटा वेळेत आला नाही, किंवा बिझी सुटला नाही
डेटाचा सीआरसी चुकला
कार्डच नाही
कंट्रोलरची स्वतःची चूक (एडीएमए, म्हणजे एसडीएचसीआयचा डीएमए, वगैरे)

कारण यांतल्या प्रत्येकावर वरचा थर वेगळं काही करतो. सीएमडी ८ ला उत्तर न येणं ही चूकच नाही, ते 'मी पहिल्या आवृत्तीचं कार्ड' असं उत्तर आहे. एसडीआर १०४ या वेगवान मोडवर डेटाचा सीआरसी चुकला तर आधी पुन्हा ट्यूनिंग (डेटाचा नमुना घ्यायचा क्षण जुळवणं), मग पुन्हा प्रयत्न. हाय स्पीडवर तेच झालं तर वेग उतरवायचा.

किती बाइट गेले हा आकडाही परत द्यावा लागतो, पण चूक झाली असेल तर ड्रायव्हरने शून्यच सांगावं. ब्लॉक-काउंट रजिस्टर वाचून 'इतके गेले' म्हणायचा मोह होतो. ते रजिस्टर डेटाच्या प्रवासात नेमकं कधी कमी होतं हे प्रमाणात ठरलेलं नाही, तेव्हा त्या आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही. लिहिताना चूक झाली तर कार्डालाच विचारावं : एसीएमडी २२ नीट लिहिल्या गेलेल्या ब्लॉकांची संख्या चार बाइटांत देतो. तेही काम वरच्या थराचं.

इंटरप्टची प्राधान्यं लक्षात ठेवा. ट्रान्स्फर-पूर्ण आणि डेटा-टाइमआउट एकदम लागले तर पूर्ण झालं असं धरायचं. कमांड-पूर्ण आणि कमांड-टाइमआउट एकदम लागले तर टाइमआउट धरायचा. टाइमआउट आणि सीआरसी दोन्ही लागले तर कमांड लाइनवर टक्कर झाली आहे. शिवाय लहान वाचनात कमांड-पूर्ण आणि ट्रान्स्फर-पूर्ण एकाच वाचनात हाती येतात, तेव्हा 'आधी कमांड, मग डेटा' असं गृहीत धरून लिहिलेला हँडलर दुसरा बिट पुसून मोकळा होतो आणि विनंती लटकते.

चूक आली की सॉफ्टवेअर रिसेट रजिस्टरमधले कमांड-लाइन आणि डेटा-लाइन हे दोन बिट वापरून तेवढंच साफ करायचं. 'सगळं रिसेट' लावलं तर क्लॉक, वीज, इंटरप्ट-परवानग्या सगळं जातं, आणि वरच्या थराला वाटतं आपण ठेवलेली स्थिती अजून आहे.

अर्धाबाइट

वेळेची मर्यादा विनंतीत घालायची की ड्रायव्हरने ठरवायची?

डेटाशीटवाली

विनंतीत, नॅनोसेकंद किंवा मिलिसेकंदात, क्लॉकच्या हिशेबात नाही. प्रमाण म्हणतं एसडीएचसीला वाचायला १०० मिलिसेकंद, लिहायला २५०, एसडीएक्ससीला लिहायला ५००. प्रत्यक्षात काही कार्डं लिहिताना याहून रेंगाळतात, म्हणून लिनक्स लिहिण्यासाठी ३ सेकंद धरतं. तुम्हीही तेच धरा.

आता हे हार्डवेअरला जमतं का बघा. एसडीएचसीआयचा टाइमआउट म्हणजे टाइमआउट-क्लॉकचे २ चा १३ वा घात ते २ चा २७ वा घात एवढे ठोके. टाइमआउट-क्लॉक १ मेगाहर्ट्झ असेल तर कमाल १३४ सेकंद. पण काही ठिकाणी हा क्लॉक ५० मेगाहर्ट्झचा असतो आणि तेव्हा कमाल २.६८ सेकंद. ३ सेकंद मागितले तर बसतच नाहीत. अशा वेळी ड्रायव्हरने हार्डवेअरचा डेटा-टाइमआउट इंटरप्ट बंद करून सॉफ्टवेअर टायमरवर जायचं.

सॉफ्टवेअर टायमर तसाही प्रत्येक विनंतीमागे हवाच, हार्डवेअर मुकं झालं तर कोणीतरी विनंती संपवली पाहिजे. फक्त टायमर आणि इंटरप्ट दोघांनी मिळून ती दोनदा संपवता कामा नये. एकाच लॉकखाली 'चालू विनंती' हा पॉइंटर रिकामा करायचा आणि ज्याने रिकामा केला त्यानेच संपवायची. संपली की एकदाच कळवायचं, हे इंटरफेसचं वचन.

खटपट्या

स्थिती ठेवायच्या फंक्शनकडे येऊ या. क्लॉक, रुंदी, वीज, सिग्नल व्होल्टेज, टायमिंग अशी पाच फंक्शन्स वेगळी ठेवली तर ड्रायव्हर वाचायला सोपा. एकच मोठी रचना हातात दिली की प्रत्येक ड्रायव्हर आधी काय बदललं ते हुडकत बसतो.

रजिस्टरबुवा

हुडकावं लागतं, हे खरं. तरी एकच रचना बरी, कारण या गोष्टी एकमेकांत अडकलेल्या आहेत. एसडीएचसीआयमध्ये यूएचएस (जास्त वेगाचा) मोड बदलायचा तर आधी कार्डाचा क्लॉक बंद, मग मोड, मग क्लॉक चालू. पाच वेगळी फंक्शन्स असली की वरच्या थराला 'आधी क्लॉक शून्य कर' हे लक्षात ठेवावं लागतं, म्हणजे एका कंट्रोलरची सवय सगळ्यांच्या माथी. रचना दिली की क्रम ड्रायव्हरचा तो बघून घेतो.

क्लॉकबाबत दोन नियम लिहा : मागितल्याहून जास्त कधीच द्यायचा नाही, आणि प्रत्यक्षात किती दिला ते परत सांगायचं. मूळ क्लॉक ५२ मेगाहर्ट्झ आहे आणि २५ मागितले असं धरा. २ ने भागलं की २६ येतात, आकडा जवळचा आहे म्हणून चालवून घेतला जातो. चालवून घेऊ नका, पुढचा भाजक ४, म्हणजे १३. दुसऱ्या आवृत्तीच्या एसडीएचसीआयमध्ये भाजक फक्त २ चे घात, २५६ पर्यंत. तिसरीपासून १० बिटांचा आकडा आणि त्याच्या दुपटीने भागाकार, २०४६ पर्यंत. १०० मेगाहर्ट्झवरून ४०० किलोहर्ट्झ काढायचे तर नव्यात २५० ने भागून नेमके ४००, जुन्यात २५६ ने भागून ३९०.६. दोन्ही चालतात.

बदलताना : क्लॉक-चालू बिट काढा, भाजक लिहा, आतला क्लॉक सुरू करा, तो स्थिर झाल्याचा बिट लागेपर्यंत थांबा (मर्यादेसह), मगच कार्डाकडे सोडा. चालू क्लॉकवर भाजक बदलला तर तुटका ठोका जातो आणि कार्ड त्याला ठोकाच समजतं.

कॅशखाऊ

डीएमएबद्दल (कंट्रोलरने स्वतःच मेमरीत वाचणं-लिहिणं) कोणी बोललं नाही म्हणून. मर्यादा कोडमध्ये पेरू नका, ड्रायव्हरने नोंदणीच्या वेळी आकडे म्हणून द्याव्यात : किती तुकडे, एका तुकड्याची कमाल लांबी, एका विनंतीची कमाल लांबी, ब्लॉकचं कमाल माप, कमाल ब्लॉक, पत्त्याचं संरेखन, किती बिटांचा पत्ता पोचतो.

एसडीएचसीआयचे आकडे : ब्लॉक-काउंट १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३५ ब्लॉक, ५१२ च्या हिशेबाने ३२ एमबीला एक ब्लॉक कमी. एडीएमए २ चा ३२ बिटी डिस्क्रिप्टर ८ बाइटचा : २ बाइट गुणधर्म, २ बाइट लांबी, ४ बाइट पत्ता. लांबीत शून्य लिहिलं तर ६५,५३६ असा अर्थ होतो, हे सगळेच कंट्रोलर नीट पाळतील यावर विसंबू नका, कमाल तुकडा त्याहून लहान ठेवला की प्रश्नच मिटला. १ एमबीची विनंती ४ केबीच्या पानांत विखुरली तर २५६ डिस्क्रिप्टर, २ केबीचं टेबल. पत्ता ४ बाइटवर बसलेला हवा. शेवटच्या डिस्क्रिप्टरला 'संपलं' हा बिट विसरलात तर कंट्रोलर टेबलाच्या पुढचा कचरा डिस्क्रिप्टर समजून वाचतो. 'वैध' बिट नसला तर एडीएमए चूक येते आणि सुटतो. असला तर कुठेतरी मेमरीत लिहून येतो.

सगळ्यांत जास्त रडवतात ते लहान बफर. एससीआर ८ बाइटचा, सीएमडी ६ चा स्टेटस ६४ बाइटचा. वरच्या थराने हे स्टॅकवर घेतले की एकाच कॅश-लाइनमध्ये अर्धी जागा डीएमएची आणि अर्धी लोकल व्हेरिएबलची. डीएमए चालू असताना शेजारच्या व्हेरिएबलला हात लागला, ती लाइन परत मेमरीत गेली, आणि कार्डाकडून आलेले ८ बाइट जुन्या कचऱ्याखाली गेले. कधी होतं, कधी नाही. नियम इंटरफेसमध्येच घाला : डेटाचा बफर कॅश-लाइनवर सुरू होऊन कॅश-लाइनवर संपलेल्या जागेतलाच. किंवा ठरावीक लांबीखाली ड्रायव्हरने डीएमए न वापरता बफर-पोर्टमधून शब्द-शब्द उचलावा. ८ बाइटसाठी डीएमएचा थाट मांडण्यात तसाही अर्थ नाही.

एससीआर वाचला की मोठा बाइट आधी असतो, उलटवून घ्या. हेही वरच्या थरात.

अर्धाबाइट

आमचा दुसरा कंट्रोलर 'जवळजवळ एसडीएचसीआय' आहे असं आत्ता लक्षात येतंय. रजिस्टरं तीच, फक्त सगळे अॅक्सेस ३२ बिटांचे. त्यासाठी एक क्वर्क-फ्लॅग ('ही चिप इथे वेगळी वागते' असं सांगणारा बिट) ठेवू का?

रजिस्टरबुवा

फ्लॅग नको, रजिस्टर वाचा-लिहायची फंक्शन्स बदलता येतील अशी ठेवा. आणि ३२ बिटांचं प्रकरण वरवर दिसतं तेवढं सोपं नाही. ट्रान्स्फर मोड हेक्स ०सी वर, कमांड हेक्स ०ई वर, दोघं एकाच ३२ बिटी शब्दात. १६ बिटांचं लिहिणं 'शब्द वाच, अर्धा बदल, परत लिही' असं केलं तर ट्रान्स्फर मोड लिहितानाच कमांडची जुनी किंमत पुन्हा लिहिली जाते, आणि कमांडचा वरचा बाइट लिहिला की कमांड सुटते. म्हणजे मोड ठेवायला गेलात आणि मागची कमांड पुन्हा तारेवर. उपाय : मोडची किंमत सावली-व्हेरिएबलमध्ये धरून ठेवायची आणि कमांड लिहिताना दोन्ही मिळून एकदाच ३२ बिट लिहायचे.

तीच गत इंटरप्ट-स्टेटसची. तिथे १ लिहिला की बिट पुसतो. खालच्या १६ बिटांत 'कमांड-पूर्ण' पुसायला वाचून-बदलून-लिहिलं, तर वरच्या अर्ध्यातले लागलेले चुकांचे बिटही १ म्हणूनच परत लिहिले जातात आणि पुसले जातात. चूक झाली होती याचा पुरावाच नाहीसा.

क्वर्क-फ्लॅगांबद्दल सर्वसाधारण मत : पहिले पाच गोड वाटतात. लिनक्सच्या एसडीएचसीआय ड्रायव्हरमध्ये ३२ बिटांचा एक शब्द भरला, दुसरा सुरू करावा लागला. फ्लॅगांच्या जोड्या कोणीच तपासलेल्या नसतात. त्यापेक्षा सामाईक कोड लायब्ररीसारखा ठेवा : क्लॉक-बदल, रिसेट, यूएचएस-मोड, ट्यूनिंग ही वेगळी फंक्शन्स, आणि ज्या चिपला वेगळं हवं ती स्वतःचं लावील, आतून सामाईकाला हाक मारील.

निमशहाणा

एसपीआयचं काय? 'रिक्वेस्ट तीच, खाली तारा वेगळ्या' असं करता येईल ना?

डेटाशीटवाली

पूर्ण नाही. एसपीआयमध्ये सीएमडी २, ३, ७ नाहीतच, कारण पत्ता नाही, चिप-सिलेक्ट आहे. सीएसडी १३६ बिटांच्या उत्तरात येत नाही, १६ बाइटच्या डेटा-ब्लॉकमध्ये येतं. ओसीआरसाठी (कार्डाला चालणारी व्होल्टेजं सांगणारं रजिस्टर) सीएमडी ५८. सीआरसी मुळात बंद, सीएमडी ५९ ने चालू करायचा. मात्र सीएमडी ० आणि ८ ला बरोबर सीआरसी लागतोच. आर१ एकाच बाइटचा. तेव्हा वरच्या थरालाच 'हा होस्ट एसपीआय आहे' हे कळायला हवं आणि सुरुवातीचा क्रम वेगळा चालायला हवा. कमांडच्या गुणधर्मांत एसपीआयच्या उत्तराची लांबी वेगळ्या बिटांत ठेवा.

ड्रायव्हरने लपवायचं ते एवढंच : अनेक ब्लॉक लिहिताना थांबवायला सीएमडी १२ नसतो, एफडी हा टोकन बाइट असतो. टोकन ड्रायव्हर पाठवील.

निमशहाणा

समजलं. आणि कार्ड काढलं-घातलं, राइट-प्रोटेक्ट?

खटपट्या

त्यात फार काही नाही. कार्ड_आहे_का ठेवा, शिवाय 'काहीतरी बदललं' असं ड्रायव्हरने वर कळवायचं. संपर्क फडफडतात म्हणून सुमारे २०० मिलिसेकंद थांबून मग बघायचं. इंटरप्ट नसेल तर सेकंदाला एकदा विचारायचं. राइट-प्रोटेक्टची पट्टी निव्वळ यांत्रिक असते, कार्डाला तिची खबर नाही, होस्टने मान द्यायचा. मायक्रोएसडीला ती नसतेच; तेव्हा 'माहीत नाही' हे तिसरं उत्तर ठेवा, नाहीतर तरंगत्या पिनमुळे कार्ड कायमचं वाचण्यापुरतं होतं.

अर्धाबाइट

सुधारलेला मसुदा :

विनंती(होस्ट, विनंती) : लगेच परततं, संपल्यावर एकदाच कळवतं
स्थिती_ठेव(होस्ट, स्थिती) : वीज, क्लॉक, रुंदी, टायमिंग, खरा क्लॉक परत देतं
व्होल्टेज_बदल(होस्ट, ३.३ किंवा १.८)
लाइन_बिझी(होस्ट) : डेटा-शून्य आत्ता खाली आहे का
ट्यूनिंग(होस्ट, १९ किंवा २१)
कार्ड_आहे_का(होस्ट)
राइट_प्रोटेक्ट(होस्ट) : हो, नाही, माहीत नाही
रिसेट(होस्ट)

आणि नोंदणीच्या वेळी क्षमता आणि मर्यादांचं टेबल. ट्यूनिंग ड्रायव्हरकडे ठेवलं, कारण नमुना कधी घ्यायचा ते ठरवणारं रजिस्टर कंट्रोलरचं.

रजिस्टरबुवा

आता जमलं. ट्यूनिंग आतून काय करतं ते : एसडीआर १०४ मध्ये २०८ मेगाहर्ट्झवर सीएमडी १९, कार्ड ६४ बाइटचा ठरलेला नमुना पाठवतं, कंट्रोलर नमुना-बिंदू सरकवत बघतो, फार तर ४० वेळा. ईएमएमसीच्या एचएस २०० ला सीएमडी २१, आठ लाइनींवर १२८ बाइट. तापमान बदललं की बिंदू सरकतो, म्हणून 'पुन्हा ट्यूनिंग हवं' असं ड्रायव्हरने वर नुसतं सुचवायचं. करायचं कधी ते वरचा थर दोन विनंत्यांच्या मधे ठरवील. चालू विनंतीच्या पोटात ट्यूनिंग घुसवू नका.

डेटाशीटवाली

व्होल्टेज_बदल फक्त कंट्रोलरची बाजू बदलेल, इतकंच ठेवा. पूर्ण क्रम वर : सीएमडी ११, उत्तर बरोबर आलं की लाइन_बिझी बघायचं (कार्डाने लाइनी खाली ओढायला हव्यात), क्लॉक बंद, व्होल्टेज_बदल, प्रमाणाप्रमाणे निदान ५ मिलिसेकंद थांबायचं (लिनक्स १० थांबतं, तुम्हीही थांबा), क्लॉक चालू, १ मिलिसेकंदाच्या आत लाइनी वर आल्या पाहिजेत. नाही आल्या तर कार्डाची वीज काढून पहिल्यापासून, या वेळी १.८ न मागता.

इथे टेबलात एक रकाना कमी आहे : कार्डाची वीज खरोखर तोडता येते का. १.८ वर गेलेलं कार्ड सीएमडी ० ने ३.३ वर परत येत नाही, पुरवठा ०.५ व्होल्टच्या खाली निदान १ मिलिसेकंद जावा लागतो. बोर्डावर तो स्विच नसेल तर पहिल्यांदा सगळं झकास चालतं; मग सिस्टिम रिबूट होते, कंट्रोलर ३.३ वर सुरू होतो, कार्ड अजून १.८ वर, आणि बूटलोडरला कार्ड सापडत नाही. म्हणून तो रकाना 'नाही' असेल तर कंट्रोलर कितीही यूएचएस म्हणो, वरच्या थराने सीएमडी ११ पाठवूच नये.

अर्धाबाइट

रकाना घातला. आमच्या बोर्डाचा नकाशा बघितला : कार्डाचा पुरवठा थेट ३.३ च्या रेलवर आहे, मधे स्विच नाही. म्हणजे तिथे ५० मेगाहर्ट्झ, चार लाइनी, २५ एमबी प्रति सेकंद एवढ्यावरच थांबायचं.